भाग १७ : गोळी कोणती निवडायची?



मागच्या भागात आपण पिस्तुलाच्या मुठीबद्दल आणि ट्रिगरबद्दल बोललो. तो भाग पाहून इंदूरच्या एका ताईंनी प्रश्न पाठवला. त्यांचा मुलगा पिस्तूल नेमबाजी करतो, आता राज्य स्पर्धेपर्यंत पोचलाय. ताई लिहितात, "साहेब, काडतुसांचा खर्च झेपत नाही. परदेशात लोक घरीच काडतुसं भरतात असं मुलगा म्हणतो. आपणही भरली तर सराव स्वस्तात होईल का? आणि त्यासाठी गोळी कोणती घ्यायची?"

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते एका वाक्यात संपतं. आपल्या देशात परवान्याशिवाय काडतूस तयार करणं हा शस्त्र कायदा १९५९ प्रमाणे गंभीर गुन्हा आहे. नेमबाजाकडे पिस्तुलाचा परवाना असला तरी तो पिस्तूल बाळगण्याचा असतो, काडतुसं बनवण्याचा नसतो. पोराच्या हौसेपायी घरात खटला ओढवून घेऊ नका. विषय संपला.

दुसरा प्रश्न मात्र फार चांगला आहे. गोळी कोणती, हे तयार काडतूस विकत घेणाऱ्यालाही कळायला हवं. आणि ते सगळ्यात नीट कळतं स्वतः काडतूस भरणाऱ्या माणसाशेजारी बसल्यावर. मला तशी संधी मिळाली, ती माझ्या जावईबापूंमुळे.

मुलगी अमेरिकेत असते. नातू झाला तेव्हा आम्ही दोघं चार महिने तिकडे होतो. जावई 'बुल्सआय' नावाच्या जुन्या पिस्तूल स्पर्धा खेळतात आणि काडतुसं गॅरेजमध्ये स्वतः भरतात. तिथे ते कायदेशीर आहे. मी मात्र पाहुण्याच्या व्हिसावर, आणि तिथला कायदा अशा पाहुण्याला बंदूक आणि काडतूस हाताळू देत नाही. म्हणून चौतीस वर्षं फौजेत काढलेला हा माणूस हात मागे बांधून स्टुलावर बसायचा आणि नुसता बघायचा. खरं सांगतो, हात बांधलेले असले की डोळे जास्त काम करतात.

आधी शब्द नीट करू

आपण सगळ्यालाच 'गोळी' म्हणतो. पण काडतुसात चार गोष्टी असतात. पितळेची केस, तिच्या बुडाशी बसवलेला प्रायमर, आतली पावडर, आणि तोंडाशी बसवलेली गोळी. फायर झाल्यावर नळीतून बाहेर जाते ती फक्त गोळी. केस मागे उरते, आणि तीच पुन्हा भरता येते म्हणून हा सगळा उद्योग चालतो. आज मी फक्त गोळीबद्दल बोलणार. पावडर किती घालायची याचा एकही आकडा देणार नाही. तो आकडा प्रत्येक गोळीला, प्रत्येक पावडरीला वेगळा असतो आणि तो पावडर बनवणाऱ्याच्या पुस्तकातूनच घ्यायचा असतो, व्हिडिओतून नाही.

गोळीचं वजन ग्रेनमध्ये मोजतात. हे माप आपल्याला परकं वाटतं, पण तसं नाही. आपला तोळा इंग्रजांनी बरोबर १८० ग्रेनचा ठरवला होता. म्हणजे १८० ग्रेनची गोळी ही एक तोळा शिसं. सोनाराची गुंज जवळपास दोन ग्रेनची. हे लक्षात ठेवलं की पुढचे आकडे हातात तोलता येतील.

पहिला प्रश्न : कोणत्या स्पर्धेसाठी?

दुकानात गोळी बघण्याआधी नियमपुस्तक उघडायचं. हा माझा फौजी हट्ट समजा.

आपल्याकडे मोठ्या बोअरची जी पिस्तूल स्पर्धा प्रामुख्याने खेळली जाते ती २५ मीटर सेंटर फायर. साठ शॉट्स, तीस सावकाश आणि तीस झटपट. झटपटमध्ये लक्ष्य तीन सेकंदच समोर असतं. जसपाल राणा यांनी २००६ च्या दोहा एशियाडमध्ये याच स्पर्धेत ६०० पैकी ५९० गुण घेऊन विश्वविक्रमाशी बरोबरी केली. या स्पर्धेत पिस्तुलाचा बोअर ७.६२ ते ९.६५ मिलिमीटरच्या दरम्यान हवा, आणि गोळी शिशाची किंवा तशाच मऊ धातूची हवी. तांब्याचं जॅकेट असलेली गोळी चालतच नाही. म्हणजे नियमानेच अर्धी निवड करून टाकली.

याउलट पळत पळत नेम मारायच्या आयपीएससी स्पर्धेत 'पॉवर फॅक्टर' लागतो. गोळीचं ग्रेनमधलं वजन गुणिले फूट प्रति सेकंद वेग, भागिले हजार. उत्तर किमान १२५ यायला हवं. स्पर्धेत तुमचीच काडतुसं घेऊन वेग मोजतात, एक गोळी काढून तिचं वजन करतात. १२५ च्या खाली आलात तर गुण मिळत नाहीत. म्हणून शहाणा माणूस १२५ वर थांबत नाही, १२९-१३० धरून चालतो.

जावयांच्या बुल्सआयमध्ये पॉवर फॅक्टर नाही. तिथे एका हाताने ५० यार्डांवर दहा मिनिटांत दहा शॉट्स, मग २५ यार्डांवर वीस सेकंदांत पाच, शेवटी दहा सेकंदांत पाच. तिथे हवी अचूकता आणि हलका धक्का, बाकी काही नाही.

दुसरा प्रश्न : वजन किती?

९ मिलिमीटरचं उदाहरण घेऊ. यात ११५, १२४ आणि १४७ ग्रेनच्या गोळ्या सर्रास मिळतात. आता गणित करा. ११५ ग्रेन ११३० वेगाने गेली तर पॉवर फॅक्टर सुमारे १३०. १२४ ग्रेन १०५० वेगाने गेली तरी १३०. १४७ ग्रेन ८९० वेगाने, जवळपास तेवढाच, १३१. तिन्हींचा कागदावरचा हिशेब सारखा.

पण हाताला सारखा लागत नाही. जड गोळीला कमी वेग, म्हणजे कमी पावडर, म्हणजे मागे येणारा वायूचा फटकारा कमी. धक्का बसतो तो ढकलल्यासारखा. हलक्या गोळीचा झटका तिखट लागतो. म्हणून पुष्कळ लोक जड गोळी पसंत करतात. तरी काहींना पिस्तुलाची स्लाइड चपळ हललेली आवडते, ते १२४ वर येऊन थांबतात. यात चूक-बरोबर नाही. पायातला बूट जसा स्वतःच घालून बघावा लागतो तसंच हे.

ताई, तुमच्या माहितीसाठी, ९ मिलिमीटर आपल्याकडे साध्या परवान्यावर मिळत नाही. आपल्या सेंटर फायरवाल्यांचा संबंध बहुधा .३२ शी येतो. त्यात १०० ग्रेनच्या आसपासची गोळी वापरतात.

तिसरा प्रश्न : तोंड कसं?

गोल तोंडाची गोळी मॅगझिनमधून नळीत सुखाने सरकते, पण कागदावर फाटकं भोक पाडते. कडा कुठे संपते ते पंचाला नीट दिसत नाही.

वॅडकटर ही सपाट तोंडाची, एखाद्या डबीसारखी गोळी. ऑफिसातल्या पंचिंग मशीनसारखं स्वच्छ गोल भोक पाडते. भोकाची कड रेषेला टेकली तर वरचा गुण मिळतो, त्यामुळे भोक स्वच्छ असणं म्हणजे वाद मिटणं. .३८ स्पेशलमध्ये १४८ ग्रेनची वॅडकटर पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. अडचण अशी की ही गोळी केसमध्ये पूर्ण आत बसते, तोंड बाहेर डोकावत नाही. त्यासाठी पिस्तूल आणि मॅगझिन त्याच हिशेबाने बनवलेलं लागतं.

सेमी-वॅडकटर हा दोघांचा मध्य. पुढे निमुळतं नाक, मागे धारदार खांदा. जावयांची .४५ बोअरची आवडती गोळी हीच, २०० ग्रेनची.

चौथा प्रश्न : धातू आणि जाडी

इथे बहुतेकांची चूक होते. दुकानदार सांगतो, "साहेब, एकदम कडक शिसं आहे." ऐकणाऱ्याला वाटतं कडक म्हणजे चांगलं. हलक्या दाबाच्या टार्गेट काडतुसाला हे लागू नाही. वायूचा दाब पडल्यावर गोळीचं बूड किंचित फुगून नळीला घट्ट बसायला हवं. दाब कमी आणि शिसं फार कडक असेल तर बूड फुगत नाही, कडेने गरम वायू निसटतो, गोळीच्या बाजू वितळवतो, आणि ते शिसं नळीत चिकटत जातं. पन्नास-शंभर शॉट्सनंतर नेमबाज म्हणतो, "आज माझा हातच चालत नाहीये." हात ठीकच असतो, नळी भरलेली असते.

जाडीचंही तसंच. शिशाची गोळी जॅकेटवाल्या गोळीपेक्षा इंचाच्या हजाराव्या भागाने जाड ठेवतात. .४५ मध्ये जॅकेटची .४५१, तर शिशाची .४५२. ९ मिलिमीटरमध्ये .३५५ आणि .३५६. पण नळ्याही सगळ्या एकसारख्या नसतात. म्हणून जाणकार मऊ शिशाचा तुकडा रिकाम्या नळीतून हळूच पार करतो आणि त्यावर उठलेलं माप मायक्रोमीटरने घेतो. गोळी त्या मापापेक्षा कणभर जाड हवी, बारीक कधीच नको.

पाचवा प्रश्न : बूड बघितलंत का?

आपण गोळी हातात घेतली की नाक बघतो. बघायचं असतं बूड. नळीतून सुटताना वायूचा शेवटचा धक्का बुडाला बसतो. बुडाची एक कड तुटकी असेल तर तो धक्का वाकडा बसतो आणि गोळी भरकटते. डॉ. फ्रँकलिन मान यांनी शंभर वर्षांपूर्वी मुद्दाम खराब केलेल्या गोळ्या झाडून हे दाखवलं. त्यांचं पुस्तक १९०९ चं आहे. नाकावर ओरखडा असलेली गोळी २५ मीटरवर सरावाला चालून जाईल. बुडाला खोक असलेली गोळी बाजूला काढा.

काही वॅडकटर बुडाशी पोकळ असतात, उलट्या वाटीसारख्या. ती पातळ कड वायूने फुगते आणि नळीला छान बसते. पण याच गोळीवर जास्त दाब टाकला तर कड फाटून नळीत अडकू शकते. म्हणून या गोळ्या हलक्या भारासाठीच. ज्या कामासाठी बनवली त्याच कामाला लावायची.

एक दुपार

आता एक घडलेली गोष्ट. रविवारची दुपार, जावयांच्या क्लबची चांदमारी. मी मागे, रेषेबाहेर, कानावर मफ लावून उभा. पलीकडच्या जागेवर सत्तरीतले एक गृहस्थ होते. त्यांच्या २०० ग्रेनच्या शिशाच्या गोळ्या संपल्या होत्या. घरी जॅकेटवाल्या होत्या, त्याही २०० ग्रेनच्या. वजन तेच, म्हणून त्यांनी पावडरही तीच ठेवली, अगदी हलकी.

दहा सेकंदांत पाच शॉट्सचा क्रम सुरू झाला. पहिला, दुसरा, आणि तिसऱ्याला आवाज आला तो 'ठो' नाही, नुसता 'फुस्स'. स्लाइड पूर्ण मागे आली नाही. घाईत माणूस काय करतो? ती हाताने मागे ओढतो आणि पुढचा राउंड भरतो. त्यांनी तेच केलं. माझ्या तोंडून शब्द निघून गेला, परेड ग्राउंडवरच्या आवाजात, "स्टॉप!" त्यांचं बोट थांबलं.

पिस्तूल रिकामं करून बघितलं तर गोळी नळीतच अडकलेली. जॅकेटचा तांबा शिशापेक्षा टणक असतो, नळीतून जायला त्याला जास्त दाब लागतो. हलक्या भारात तो मिळाला नव्हता. मागून दुसरी गोळी आली असती तर नळी फुगली किंवा फाटली असती, हातात. ते गृहस्थ खुर्चीवर बसले आणि बराच वेळ आपल्या तळहाताकडे बघत राहिले. मग जावयांना म्हणाले, चाळीस वर्षं भरतोय मी.

मला त्यांच्यावर हसू आलं नाही. फौजेत मीही पाहिलंय, अपघात नवशिक्याकडून होतो तसा सरावलेल्याकडूनही होतो. दोन नियम लिहून ठेवा. गोळी बदलली की पावडरीचा हिशेब पहिल्यापासून. आणि आवाज वेगळा आला की थांबायचं, नळी तपासायची, मग स्पर्धा गेली तरी चालेल. दुसरा नियम कारखान्याच्या काडतुसालाही तितकाच लागू आहे.

घरात रांगणारं मूल

नातू तेव्हा आठ महिन्यांचा, नुकता रांगायला लागलेला. जावई गॅरेजमधून आले की तो पँटला धरून उभं राहायचा. एके दिवशी मी म्हटलं, "जावईबापू, एक विचारू का? रागावू नका." आणि शिशाचं बोललो.

शिसं लहान मुलाच्या मेंदूला बाधतं आणि त्याची सुरक्षित अशी मात्रा माहीत नाही. हातातली अखंड गोळी तेवढी धोक्याची नसते. धोका धुळीत असतो. वापरलेल्या केसेस कोरड्या साफ करताना उडणारी धूळ, प्रायमरची राख, चांदमारीच्या जमिनीवरची पूड. ती बुटांवरून आणि कपड्यांवरून घरात येते, आणि मूल जमिनीवरच असतं.

ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "बाबा, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं." त्या आठवड्यात त्यांनी शिशाच्या उघड्या गोळ्या बंद करून प्लास्टिकसारखा लेप दिलेल्या गोळ्या मागवल्या. अर्थात भाराचा हिशेब पुस्तकातून नव्याने काढला. केसेस पाण्याने धुवायला लागले, गॅरेजचे कपडे-बूट तिथेच ठेवायला लागले. ५० यार्डांवर ग्रुप किंचित मोठा झाला. त्यांनी तो चालवून घेतला. गोळी निवडताना असाही एक निकष असतो.

ताई, तुमच्या मुलालाही सांगा. रेंजवर चहा-वडा नाही. परतल्यावर आधी साबणाने हात आणि तोंड धुवायचं, मगच ताटावर बसायचं.

गोळीने किती फरक पडतो?

शेवटी पैशाचा प्रश्न. महाग गोळी घ्यावी का?

पिस्तूल टेकवून, शांतपणे, दहा शॉट्सचा ग्रुप काढा. पाचचा नको, पाचचा ग्रुप फसवतो. समजा २५ मीटरवर एका गोळीचा ग्रुप ५० मिलिमीटर आला आणि दुसऱ्या महाग गोळीचा २५. सेंटर फायरच्या सावकाश लक्ष्यावर दहाचं वर्तुळ ५० मिलिमीटरचं असतं. म्हणजे फरक मोठा वाटतो.

पण त्यात माणसाचा हात मिसळतो. हाताचा आणि गोळीचा फैलाव थेट बेरजेने मिळत नाही. दोघांचे वर्ग करून बेरीज करायची आणि वर्गमूळ काढायचं. ज्याचा हात ८० मिलिमीटर हलतो, त्याचा एकूण ग्रुप स्वस्त गोळीने सुमारे ९४, महाग गोळीने ८४. फायदा दहाचा. ज्याचा हात ४० वर स्थिर आहे, त्याचा स्वस्त गोळीने ६४ आणि महाग गोळीने ४७. फायदा सतराचा, आणि ग्रुप दहाच्या वर्तुळाहून लहान झाला.

अर्थ स्पष्ट आहे. हात जितका पक्का, तितकी चांगली गोळी जास्त फळ देते. हात कच्चा असताना महाग गोळी घेणं म्हणजे पाटा पिचवर चेंडू टप्पा पडून सरळ येत असताना नवी बॅट घेऊन बसणं. आधी फूटवर्क.

तर ताई, मुलासाठी माझा सल्ला असा. काडतूस भरायचा विचार सोडा. खर्च वाचवायचा तो कोरड्या सरावात. रिकामं पिस्तूल, दोनदा तपासलेलं, काडतुसं दुसऱ्या खोलीत, समोर कोरी भिंत. रोज वीस मिनिटं. पिस्तूल .२२ चं असेल तर रिकामं ट्रिगर ओढण्याआधी प्रशिक्षकांना विचारून घ्या, काहींना त्याने इजा होते. मग क्लबात दोन-तीन प्रकारची तयार काडतुसं थोडी थोडी घेऊन, पिस्तूल टेकवून, दहा-दहाचे ग्रुप काढा. ज्याचा ग्रुप लहान त्याच लॉटची स्पर्धेपुरती खरेदी करा. लॉटचा नंबर वहीत लिहा, कारण त्याच कंपनीचा दुसरा लॉट वेगळा वागू शकतो. सरावाला स्वस्त, स्पर्धेला तपासलेली.

आणि वहीच्या पहिल्या पानावर एक ओळ त्याच्या हाताने लिहून घ्या : आवाज वेगळा आला तर थांबेन.

पुढच्या भागात श्वासाबद्दल बोलू. तोवर नमस्कार. जय हिंद.